कालचा भाग पाहिलात का?

‘कालचा भाग पाहिलात का?’ हा प्रश्न एके काळी सकाळच्या लोकलमध्ये, कचेरीत आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत हमखास कानावर पडायचा. ज्यानं पाहिला असेल तो चारचौघांत त्यातला प्रसंग करून दाखवायचा. ज्याचा चुकला असेल तो हळहळायचा. चुकलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय बहुतेक घरांत नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येणारं परीक्षण ही तर आणखी गंमत. नाटकाचं परीक्षण वाचून तिकीट काढता येतं, पुस्तकाचं वाचून पुस्तक आणता येतं. मालिकेच्या भागाचं परीक्षण वाचून मात्र वाचकाला काहीच करता येत नसे. जो हशा पिकून विरूनही गेला, त्याची ती नोंद असायची.

आज कुठल्याही विनोदी मालिकेचा कुठलाही भाग आपण खिशातल्या फोनवर पाहतो. ही सोय फोनमुळे झाली असं आपल्याला वाटतं. पण तिची सुरुवात पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेत झाली, आणि तीही एका नवरा-बायकोच्या हट्टातून.

साल १९५१. सीबीएस या कंपनीला ल्यूसिल बॉल या अभिनेत्रीला घेऊन एक कौटुंबिक विनोदी मालिका काढायची होती. नवऱ्याच्या भूमिकेत आपला खराखुरा नवरा, क्यूबातून आलेला वादक-गायक देसी आर्नाझ हाच हवा, ही तिची पहिली अट. दुसरी अडचण गावाची होती. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट सादर होत. पश्चिमेकडच्या प्रेक्षकांसाठी दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून प्रत काढत. तिला किनेस्कोप म्हणत. चित्र धुरकट यायचं, पण प्रेक्षकांची मोठी संख्या पूर्वेकडेच असल्यानं त्याचं फारसं कुणाला वाटत नसे. मालिकेचा पुरस्कर्ता होता फिलिप मॉरिस हा सिगारेटवाला. त्यालाही साहजिकच मालिका न्यूयॉर्कहून हवी होती. या जोडप्याला मात्र हॉलिवूड सोडायचं नव्हतं.

मग तोडगा निघाला. कार्यक्रम हॉलिवूडमध्येच करायचा, पण सिनेमासारखा ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित करायचा, म्हणजे देशभर सारखंच स्वच्छ चित्र दिसेल. तरीही समोर प्रेक्षक हवेतच, कारण ल्यूसिल बॉलचा विनोद माणसांच्या हशावर फुलायचा. म्हणून प्रयोग नाटकासारखा सलग आणि तीन कॅमेरे एकाच वेळी चालू. ही तीन कॅमेऱ्यांची कल्पना अगदी कोरी नव्हती, पण ती मार्गी लावली कार्ल फ्रॉइंड या छायालेखकानं. ‘मेट्रोपोलिस’ या १९२७च्या गाजलेल्या जर्मन मूकपटाच्या छायालेखनात त्याचा हात होता. लांबून, मध्यम अंतरावरून आणि जवळून एकाच वेळी चित्रण करायचं, तर दर वेळी दिवे हलवता येत नाहीत. त्यानं वरूनच सगळीकडे सारखा पडेल असा उजेड दिला.

फिल्मचा खर्च अर्थातच जास्त होता. त्या बदल्यात बॉल आणि आर्नाझ यांनी आपलं मानधन कमी करून घेतलं आणि मोबदला म्हणून चित्रित भागांची मालकी आपल्या देसिलू या कंपनीकडे मागितली. ती सहज मिळाली. एकदा दाखवून झालेल्या विनोदाला किंमत ती काय, असाच तेव्हाचा हिशेब होता.

१५ ऑक्टोबर १९५१ रोजी ‘आय लव्ह ल्यूसी’ सुरू झाली. पुढच्याच वर्षी ल्यूसिल बॉलला दिवस गेले. आता मालिका थांबवायची की काय, असा प्रश्न आला. पण लेखकांनी कथेतल्या ल्यूसीलाही दिवस गेल्याचं दाखवलं. ‘गरोदर’ हा शब्द संवादात चालणार नव्हता, आणि संहिता एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बी अशा तिघांच्या नजरेखालून जात. ल्यूसी प्रसूतीसाठी इस्पितळात जाते तो भाग आधीच चित्रित करून ठेवला होता. तो १९ जानेवारी १९५३ रोजी दाखवला गेला आणि त्याच दिवशी ल्यूसिल बॉलला प्रत्यक्षात मुलगा झाला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशीचा अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी पाहणारे त्याहून कमी होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं घडलं ते यानंतर. बाळंतिणीला विश्रांती हवी होती. मग जुने भाग पुन्हा दाखवण्यात आले, आणि लोकांनी ते आवडीनं पाहिले. माहीत असलेल्या विनोदावर माणूस पुन्हा हसतो, किंबहुना पुढे काय होणार हे ठाऊक असल्यानं आधीपासूनच हसू लागतो, हे ध्यानात आलं. शिळ्या भागांना बाजार आला. १९५७ साली देसिलूनं आरकेओ ही सिनेकंपनीच्या मालकीची चित्रनगरी विकत घेतली.

हे शहाणपण सगळीकडे पोचलं मात्र नाही. इंग्लंडमध्ये बीबीसी पुष्कळ कार्यक्रम चुंबकीय टेपवर मुद्रित करत असे. टेप महाग, पण पुसून पुन्हा वापरता येणारी. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होती, आणि रंगीत चित्र आल्यावर कृष्णधवल भाग निरुपयोगी वाटू लागले. मग टेप पुसल्या गेल्या. ‘डॅड्ज आर्मी’ या अत्यंत लोकप्रिय विनोदी मालिकेच्या १९६९ सालच्या मालेतले भागही त्यात गेले. त्यांतल्या दोन भागांच्या फिल्म २००१ साली सापडल्या. तीन भागांचं चित्रण मात्र आजही हाती नाही. संहिता शाबूत होत्या म्हणून २०१९ साली नव्या नटांना घेऊन ते तीन भाग पुन्हा उभे केले. शब्द परत आले. पण मूळ नटांनी त्या शब्दांमध्ये घेतलेले विराम कुठल्या कागदावर लिहिलेले असणार?

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चि. वि. जोशींची जोडी छोट्या पडद्यावर आली. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. त्या काळी आपल्याकडेही टेप जपून, पुन्हा पुन्हा वापरल्या जात. ज्यांनी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसून चिमणरावांची तारांबळ पाहिली, त्यांच्यासाठी स्मरणशक्ती हाच संग्रह होता. पुढे २००१ साली तेच प्रभावळकर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये आबा होऊन आले, तोवर काळ बदलला होता. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ २००४ साली सुरू झाली, तेव्हा तिला प्रेक्षक बेताचाच मिळाला. तिचे चाहते वाढले ते नंतर, पुनःप्रक्षेपणातून आणि इंटरनेटवरून. इतके, की २०१७ साली तिचा दुसरा भाग काढावा लागला. आणि २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘देख भाई देख’ आणि ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा दाखवल्या, त्या कुणीतरी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच.

इतिहास म्हटला की आपण ताम्रपट, बखरी, दप्तरं आठवतो. पण १९७९ साली मराठी मध्यमवर्गीय घरात सोफा होता की लोखंडी खाट, सासरा सुनेला कसा हाक मारत होता, पाहुणे आल्यावर साखरेचा डबा किती वेळा उघडत होता, हे कळायचं तर विनोदी मालिकेसारखा साक्षीदार नाही. आपण त्याला ‘नुसता टाइमपास’ म्हटलं, म्हणूनच तो पुसला गेला.

तेव्हा एक करा. बीबीसीनं आपले हरवलेले कार्यक्रम शोधण्यासाठी सामान्य श्रोत्या-प्रेक्षकांनाच आवाहन केलं होतं, आणि काही ठेवा खरोखरच लोकांच्या घरांतून परत आला. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात काही हौशी मंडळींनी घरच्या व्हीसीआरवर मालिका टेप करून ठेवल्या होत्या. आपल्या हवेत त्या कॅसेटना बुरशी लवकर धरते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं असं एखादं खोकं भंगारात देण्याआधी त्याच्यावरची चिठ्ठी तेवढी वाचून पाहा.