बांधावाचून शेती : लॅक्स्टन गाव

श्रोतेहो, बांध कोरण्यावरून होणारी भांडणे तुम्हांला काही नवी नाहीत. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशर परगण्यात लॅक्स्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तिथल्या मोठ्या रानांत एकाच्या शेताला लागून दुसऱ्याचे शेत; मध्ये कुंपण नाही की बांध नाही. नांगराचे एक तास, एवढीच काय ती हद्द!

हे गाव शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेला, जड चिकण मातीच्या चढउताराच्या मुलखात आहे. शेतकऱ्यांची घरे गावच्या रस्त्यालगत, आणि बाहेर तीन मोठी राने : पश्चिमेचे, दक्षिणेचे आणि गिरणीचे. एकात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसरे पडीक किंवा चाऱ्याला. दर साल पाळी बदलते. प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्ही रानांत विखुरलेल्या, म्हणजे चांगली-वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला येते.

१६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने गावाचा नकाशा काढला. पट्टी न् पट्टी दाखवलीच, शिवाय नांगरणारी नि कापणी करणारी माणसेही चितारली. तो ऑक्सफर्डला जपून ठेवला आहे. नकाशा काढवून घेणारा मालक सर विल्यम कोर्टीन हा लंडनचा व्यापारी. त्याच्याच पैशाच्या बळावर १६३६ मध्ये इंग्रजी गलबतांचा एक काफिला आपल्या गोव्याला आला होता.

त्या काळी मध्य इंग्लंडात अशी गावे पुष्कळ होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने कायदे करून राने वाटली, कुंपणे घातली. पीक वाढले असेल, पण गरिबाच्या गाईचे चरायचे रान गेले, आणि पुष्कळांच्या नशिबी मजुरी आली. लॅक्स्टनलाही काही जमिनीला कुंपण पडले. पुरती वाटणी मात्र कधी झाली नाही. १९५२ मध्ये सरकारनेच ही जमीन विकत घेतली. २०२० मध्ये ती जवळच्या थोर्सबी इस्टेटीकडे गेली.

मग हद्द राखतो कोण? गावचे पंच! हिवाळ्याच्या तोंडी गव्हाची पेरणी झालेल्या रानात ते पायी फिरतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात, कोणी रस्त्यावर किंवा गवताच्या पट्टीवर नांगर घातला का ते पाहतात. १९७७ च्या कायद्याने अशा जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढले, तेव्हाही लॅक्स्टनचे कोर्ट शाबूत राहिले. दंड किरकोळ असतो. पण तो आठवड्याभराने, गावच्या खानावळीत, सगळ्या शेजाऱ्यांदेखत सांगितला जातो.