माध्यमांचे शिक्षण : छोट्या खासगी विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्यानंतर ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) आले. आपल्या समाजाला पत्रकारिता नवी नाही. आज प्रश्न आहे तो तिच्या शिक्षणाचा आणि त्याच्या खर्चाचा.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी परिसरातील मुले-मुली बारावीनंतर ‘मास मीडिया’विषयी आम्हाला विचारतात. वज्रेश्वरीला रेल्वे नाही. भिवंडी, ठाणे किंवा विरार गाठायचे तर एसटीवर अवलंबून राहावे लागते. त्यामुळे वसतिगृह देणाऱ्या छोट्या खासगी विद्यापीठाची जाहिरात घरच्यांनाही पटते. वर्ग लहान असेल, तर कॅमेरा व संपादनाचा सराव जास्त मिळू शकतो, हेही खरे. पण कर्ज काढण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट मान्यतेची. खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन होते आणि स्वतःची पदवी देते. त्याचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत पाहावे. संलग्न महाविद्यालय मात्र खासगी असले, तरी पदवी मूळ विद्यापीठाची असते. मुंबई विद्यापीठाचा पूर्वी ‘बीएमएम’ म्हणून ओळखला जाणारा अभ्यासक्रम अशा अनेक महाविद्यालयांत चालतो. बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचेही मुंबईत सिद्धार्थ कॉलेज ऑफ मास कम्युनिकेशन अँड मीडिया आहे. दोन्ही पर्यायांचे शुल्क शेजारी-शेजारी मांडून पाहावे.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. “मिळेल” या तोंडी आश्वासनावर थांबू नये. महाडीबीटी संकेतस्थळावर ती संस्था आणि तोच अभ्यासक्रम आहे का, ते पाहावे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० पासून लागू आहेत. तरीही जातीचा व उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवावा.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. वसतिगृह, परीक्षा, प्रयोगशाळा यांसह पूर्ण शुल्क लेखी घ्यावे. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ मध्ये बजावले आहे.

चौथी गोष्ट शिकवण्याची. पूर्णवेळ प्राध्यापक किती, मराठीत बातमी लिहायला शिकवतात का, प्रत्यक्ष वृत्तकक्षात काम करायला मिळते का, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. माहितीपत्रकातले चकचकीत फोटो पाहून ते कळत नाही.

वज्रेश्वरी म्हटले की मंदिर आणि गरम पाण्याची कुंडे आठवतात. याच गावच्या वस्तीतले पाणी, मजुरी आणि शाळा यांची बातमी करणारे आपल्यातले कोणी हवे. मात्र पदवीबरोबर कर्जाचा मोठा हप्ता आला, तर तो तरुण मिळेल ती नोकरी धरतो आणि बातमी मागेच राहते. म्हणून प्रवेशाची घाई नको. आधी चौकशी, मग शुल्क.