६१७४ कडे जाणाऱ्या एकेरी वाटा

पेण आणि रोहा रेल्वेने जोडलेले आहेत, असं म्हणताना आपण परतीची गाडी गृहीतच धरतो. समजा, सगळ्या गाड्या फक्त रोह्याकडेच जात असत्या तर? रूळ तेच, पण रोह्याला गेलेला पेणकर काही घरी यायचा नाही. माझ्या संशोधनातले बाण असेच एकेरी आहेत. संख्या म्हणजे स्टेशनं, आणि बाण कुठून कुठे जाणार हे एक सूत्र ठरवतं. प्रश्न एवढाच: कुठून कुठे पोचता येतं, आणि परत येता येतं का?

अशाच एका प्रश्नाचं उत्तर आपल्याकडच्या एका शाळामास्तरांनी शोधलं होतं. डहाणूला १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीत शिकवत. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता.

यासाठी ०००१ पासूनच्या सगळ्या ९९९० संख्या तपासायच्या? गरज नाही. उतरते अंक क, ख, ग, घ असतील तर वजाबाकी ९९९(क − घ) + ९०(ख − ग) इतकी येते. म्हणजे पहिल्याच पायरीनंतर फक्त ५४ संख्या उरतात. तेवढं वहीवर होतं.

कापरेकरांच्या नकाशात सगळे ६१७४ ला पोचतात, पण तिथून परत कुणीच येत नाही. माझं काम फायनाइट फील्डमध्ये चालतं. सर्वांत सोपं उदाहरण: ० ते ६ या संख्या, आणि ७ ने भागून उरणारी बाकी. प्रत्येक संख्येतून तिच्या वर्गाकडे बाण काढा. २ मधून ४, आणि ४ मधून १६, म्हणजे परत २! या दोघांत ये-जा आहे. ३ मधून २ ला जाता येतं, पण ३ कडे येणारा बाणच नाही, कारण इथे ३ हा कुणाचाच वर्ग नाही. ० आणि १ तर आपल्याच जागी फिरतात. १ कडे बाहेरून फक्त ६ येतो.

बघा, परतीची वाट आहे की नाही हे सगळे बाण न काढताही सांगता आलं. कापरेकरांच्या ९९९० च्या ५४ झाल्या, त्याच जातीचं हे काम. फील्ड मोठं झालं की बाण काढत बसणं शक्यच नसतं. तिथे सूत्रालाच बोलतं करावं लागतं.

आता तुम्ही ७ च्या जागी ११ घ्या. चार संख्यांचं एक वर्तुळ सापडेल. ३ पासून सुरुवात करा.