तीन किल्ल्या, दोन सह्या

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांचे अभंग महाराष्ट्रात वारकऱ्यांच्या मुखी व वह्यांत टिकले, तर त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्या ग्रंथाचे मूळ संकलन १६०४ मध्ये पूर्ण झाले. एका प्रांतातील वह्यांना वाळवी लागली असती, तरी नामदेवांची सारी वाणी लोपली नसती. दीर्घकाळ जतन करायचे तर प्रती अनेक हव्यात आणि त्या दूरदूर हव्यात.

पण जपायची वस्तू गुपित असेल तर? अभंगाच्या प्रती वाढल्या की तो सुरक्षित होतो. तिजोरीच्या किल्लीच्या प्रती वाढल्या की चोराची सोय होते. सरकारी कोषागारातील दुहेरी कुलपाने चोरीची भीती कमी केली. मात्र दोनपैकी एक किल्ली हरवली, की काम अडतेच.

या पेचाला गणिती उत्तर मिळाले ते १९७९ मध्ये. इस्राएलचे आदी शमीर आणि अमेरिकेचे जॉर्ज ब्लॅकली यांनी ते स्वतंत्रपणे दिले. शमीर यांची कल्पना नववीच्या आलेखाने समजते. गुपित ७ आहे असे माना. y = ३x + ७ ही रेषा घेऊन (१, १०), (२, १३), (३, १६) हे बिंदू तिघांना वाटा. कोणतेही दोघे एकत्र आले की रेषा ठरते व ७ सापडतो. एकट्याच्या बिंदूतून मात्र असंख्य रेषा जातात.

२००९ मध्ये बिटकॉइन हे आभासी चलन आले आणि हा प्रश्न घराघरांत शिरण्याजोगा झाला. येथे किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. ती हरवली तर अर्ज करायला कोणतीही बँक नसते. म्हणून संस्थेच्या संयुक्त खात्याप्रमाणे ‘तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या’ अशी पाकिटे निघाली. शमीर यांच्या रीतीत गुपित शेवटी एके ठिकाणी जुळवावे लागते. येथे प्रत्येक किल्ली आपल्या जागी राहून सही करते.

प्रत्येक किल्ली इंटरनेटशी न जोडलेल्या साधनात ठेवतात. तिची नोंद बहुधा २,०४८ शब्दांच्या ठरीव यादीतील २४ शब्दांत करतात. कागद भिजतो, जळतो. म्हणून पुष्कळ जण ते शब्द पोलादी पट्टीवर कोरतात. आपल्या राजांचे ताम्रपट आठवावेत.

खरी फसगत पुढेच आहे. तीनपैकी दोन किल्ल्या हाती असल्या की पैसे मिळतील, असे वाटते. परंतु नेहमीच्या पद्धतीत पाकिटाचा पत्ता तिन्ही सार्वजनिक किल्ल्यांपासून बनतो, आणि पैसे काढताना त्या तिन्ही दाखवाव्या लागतात. तिसऱ्या किल्लीबरोबर तिची सार्वजनिक जोडीदारही हरवली, तर उरलेल्या दोघी हतबल ठरतात! म्हणून प्रत्येक ठिकाणी आपले गुप्त शब्द एकट्याचे, पण तिन्ही सार्वजनिक किल्ल्या व पाकिटाचा नियम सर्वांकडे, अशी व्यवस्था हवी. ही सार्वजनिक माहिती परक्याच्या हाती पडली तर शिल्लक उघड होते, पैसे जात नाहीत.

शेवटी तालीम. केवळ नोंदींवरून कोऱ्या साधनावर पाकीट उभे करावे, पत्ता जुळतो का पाहावे आणि मगच मोठी रक्कम ठेवावी. जी प्रत कधी वाचून पाहिली नाही, ती प्रत आहे असे आम्ही तरी मानणार नाही.