चंद्रगुप्त नावाचे तीन राजे: नावावरून माणूस कसा ओळखायचा?

'चंद्रगुप्त विक्रमादित्याने चाणक्याच्या मदतीने नंदांचा पराभव केला' असे वाक्य उत्तरपत्रिकेत अधूनमधून आढळते. ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने एका वाक्यात सुमारे सातशे वर्षे पुसून टाकलेली असतात. नंदांचा पराभव करणारा चंद्रगुप्त मौर्य इ.स.पू. चौथ्या शतकातला. विक्रमादित्य हे बिरुद घेणारा गुप्त घराण्यातला दुसरा चंद्रगुप्त इ.स.च्या चौथ्या शतकाच्या अखेरचा आणि पाचव्याच्या प्रारंभीचा. आणि या दुसऱ्याचा आजोबा पहिला चंद्रगुप्त. तिघांचीही राजधानी म्हणून आपण पाटलिपुत्राचेच नाव वाचतो, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो.

हा गोंधळ केवळ विद्यार्थ्यांचा नाही, नामवंत संशोधकांनाही नावांनी चकवलेले आहे. एका नावाचा माणूस चुकीचा धरला, की त्याच्यामागे सबंध घराणे चुकीच्या शतकात जाऊन बसते. म्हणून या पाठात आपण राजांच्या पराक्रमाकडे न पाहता त्यांची ओळख कशी पटवली गेली ते पाहू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. 'पहिला', 'दुसरा' हे क्रमांक आपण आज अभ्यासाच्या सोयीसाठी लावतो. कोरीव लेखांत ते नसतात. तिथे राजाची ओळख बाप, आई, आजा, पणजा यांच्या नावांनी सांगितलेली असते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे आजही आहे. राजघराण्यांतही ती होती, म्हणून एकच नाव एक पिढी सोडून परत येते. वाकाटकांत पहिला रुद्रसेन, त्याचा मुलगा पृथ्वीषेण, आणि नातू पुन्हा रुद्रसेन. गुप्तांत चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, चंद्रगुप्त. तसेच 'गुप्त' या शेवटावरूनही घराणे ठरवू नका. त्याचा अर्थ फक्त 'रक्षिलेला'. मौर्य चंद्रगुप्ताचा सौराष्ट्रातला अधिकारी पुष्यगुप्त होता, आणि इ.स. ५९८ मध्ये जन्मलेला गणिती ब्रह्मगुप्त. दोघांचाही गुप्त राजवंशाशी संबंध नाही.

सँड्रोकोट्टस कोण?

ग्रीक आणि रोमन लेखकांनी अलेक्झांडरनंतरच्या काळातला सँड्रोकोट्टस नावाचा एक भारतीय राजा वर्णिला आहे. सेल्युकसने त्याच्याशी तह केला, पाचशे हत्ती घेतले, आणि मेगॅस्थेनिस त्याच्या दरबारी पालिबोथ्रा नगरात आला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे १७९३ साली दिलेल्या व्याख्यानात विल्यम जोन्स यांनी हा राजा म्हणजे चंद्रगुप्त मौर्य असे मांडले. पालिबोथ्रा गंगा आणि एरान्नोबोआस या नद्यांच्या संगमावर आहे असे ग्रीक सांगत. तिथे अशी नदी कोणती, हे कोडे होते. हिरण्यबाहू हे शोण नदीचेच दुसरे नाव असल्याचे जोन्सना संस्कृत ग्रंथात सापडले आणि पालिबोथ्रा म्हणजे पाटलिपुत्र हे जुळले.

प्राचीन भारताच्या कालगणनेतील हा पहिला पक्का खुंटा. पण हा चंद्रगुप्त मौर्यच कशावरून, गुप्त घराण्यातला का नाही, असा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा, आणि काही लोक तो आजही विचारतात. उत्तर अशोकाच्या तेराव्या शिलालेखात आहे. त्यात पाच यवन राजांची नावे येतात, त्यांतला अंतियोक हा सेल्युकसचा नातू दुसरा अँटिओकस मानला जातो. अशोक चंद्रगुप्ताचा नातू. म्हणजे आजोबा-आजोबा समकालीन आणि नातू-नातूही समकालीन. अशोक मौर्यच, हे जुनागढच्या खडकावर आहे. तिथल्या इ.स. १५० च्या रुद्रदामनाच्या लेखात सुदर्शन तलावाचा इतिहास सांगताना चंद्रगुप्त आणि अशोक या दोघांनाही मौर्य म्हटले आहे. त्याच खडकावर पुढे गुप्त सम्राट स्कंदगुप्ताचा लेखही कोरला गेला. तलाव तोच, घराणी मात्र निरनिराळी.

गुप्तांचा काळ वेगळ्याच वाटेने ठरला. गुप्त संवत शक संवतानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो असे अल् बिरुनी लिहून ठेवतो. ७८ मध्ये २४१ मिळवा, इ.स. ३१९ येते. दुसऱ्या चंद्रगुप्ताचा मथुरेचा स्तंभलेख गुप्त संवत ६१ चा, म्हणजे इ.स. ३८० चा आहे.

एका देवगुप्तामुळे तीनशे वर्षे

आता विदर्भाकडे येऊ, कारण नामसाधर्म्याची खरी किंमत इथे कळते. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांत त्याची आई प्रभावतीगुप्ता ही 'महाराजाधिराज देवगुप्ता'ची मुलगी असल्याचे लिहिले आहे. हा देवगुप्त कोण? गुप्तलेखांचे थोर संपादक फ्लीट यांनी एकोणिसाव्या शतकात मगधाच्या उत्तरकालीन गुप्तांची यादी पाहिली. तिथे आदित्यसेनाचा मुलगा देवगुप्त हजर होता. नाव जुळत होते, पदवी जुळत होती. हा देवगुप्त सातव्या शतकाच्या अखेरचा. साहजिकच त्याचा नातू प्रवरसेन आठव्या शतकात गेला आणि त्याच्यामागोमाग सगळे वाकाटक घराणेही.

याचा परिणाम किती दूरवर होतो पाहा. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. वाकाटक पुढे सरकले की अजिंठ्याची ती लेणीही पुढे सरकणार. अक्षरांच्या वळणावरून ब्यूलर यांनी वाकाटकांना पाचव्या शतकात ठेवले होते, पण नावाचा पुरावा अधिक भक्कम वाटत होता.

गुंता सुटला तो पुण्यात हाती आलेल्या एका ताम्रपटामुळे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात का. बा. पाठक यांनी तो प्रसिद्ध केला. दानपत्र विदर्भातल्या नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या परिसरातून, दिलेले आहे आणि देणारी खुद्द प्रभावतीगुप्ता आहे. युवराज दिवाकरसेन लहान असल्याने ती कारभार पाहत होती. तिने आपल्या माहेरची वंशावळ सविस्तर दिली: घटोत्कच, मग चंद्रगुप्त, मग लिच्छवींचा दौहित्र समुद्रगुप्त, मग चंद्रगुप्त. या शेवटच्या चंद्रगुप्ताची आणि नागकुळातल्या कुबेरनागेची मी मुलगी, असे ती सांगते. सासरच्या ताम्रपटात तिने सासरपेक्षा माहेराला दिलेला हा मान इतिहासकारांच्या पथ्यावरच पडला म्हणायचा. चार पिढ्या, आईचे कूळ, लिच्छवींचे नाते, हे सगळे एकदम योगायोगाने जुळत नाही. म्हणजे देवगुप्त हे दुसऱ्या चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव ठरले. सांचीच्या लेखात त्याचे आवडते नाव देवराज असल्याचा उल्लेख आहे, तोही याला धरून आहे. वाकाटक सुमारे तीनशे वर्षे मागे, आपल्या जागी आले.

तुमच्या ध्यानात आले असेल की या प्रकरणात दोन्ही प्रकारचे धोके आहेत. एकच नाव दोन माणसांचे असू शकते, आणि एका माणसाची दोन नावे असू शकतात. फ्लीट यांची माहिती कमी नव्हती. त्यांच्याजवळ नाव आणि पदवी होती, नाती नव्हती.

मेहरौलीचा 'चंद्र'

दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभावर चंद्र नावाच्या राजाची स्तुती आहे. त्याने वंगदेशात शत्रूंचा पराभव केला, सिंधूची सात मुखे ओलांडून वाल्हिकांना जिंकले आणि विष्णुपद टेकडीवर हा ध्वज उभारला, असे लेख म्हणतो. बापाचे नाव नाही, घराणे नाही, वर्ष नाही. त्यामुळे उमेदवार पुष्कळ झाले. पहिला चंद्रगुप्त, बंगालच्या सुसुनिया लेखातला चंद्रवर्मा, इतकेच काय, कनिष्कापर्यंत तर्क गेले. आज बहुतेक अभ्यासक दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या बाजूचे आहेत. अक्षरवळण त्या काळाशी जुळते, तो परम वैष्णव होता, आणि त्याच्या धनुर्धारी प्रकारच्या सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या हाताखाली उभ्या ओळीत 'चंद्र' एवढेच नाव असते. पहिल्या चंद्रगुप्ताचे राज्य सिंधूपर्यंत पोचल्याचा पुरावा नाही, हेही त्यात धरा. तरी प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटात जी निश्चिती आहे ती इथे नाही. उत्तर लिहिताना म्हणूनच 'दुसरा चंद्रगुप्त असावा' असे लिहा, 'होता' असे लिहू नका.