अंदाज फुकट कधीच नव्हता

बोअरमधली मोटार बंद पडली की धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी ती वर काढतो, टेम्पोत टाकतो आणि कळंब, भूम, उमरगा, जे जवळ पडेल तिथल्या रिवाइंडिंगच्या दुकानात नेतो. मेकॅनिक मोटार खोलतो, बुश आणि थ्रस्ट प्लेट बघतो, मेगर लावून वाइंडिंग जळालंय की नुसती केबल खराब झालीय हे तपासतो आणि खर्चाचा आकडा सांगतो. गिऱ्हाईक ‘बघतो’ म्हणतं आणि खोललेली मोटार तशीच उचलून दुसऱ्या दुकानात घेऊन जातं. पहिल्यानं आपल्या दोन तासांचे पैसे मागितले तर ‘नुसतं बघायचे पैसे?’ असा प्रश्न होतो. आपल्याकडे अशी रीत नव्हती, हे नवीन शहरी खूळ आहे, असं त्या प्रश्नामागे गृहीत धरलेलं असतं. ह्या भागाच्या इतिहासात डोकावलं तर ते टिकत नाही. कारागिराच्या अंदाजाला इथं मोल होतंच. ते कोण देतं, कधी देतं आणि कशाच्या रूपात देतं, एवढंच बदलत गेलं.

बलुतेदारीपासून सुरुवात करावी लागते. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्या आहेत. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणी, गुरव, कोळी. गावोगाव ह्या यादीत फरक पडत असे, पण सुतार आणि लोहार वगळून गावगाडा चालत नसे. पेरणीच्या तोंडावर शेतकरी तिफण घेऊन सुताराच्या दारी जायचा. सुतार दिंड हलवून बघायचा, फण ढिले झालेत का ते चाचपायचा, चाडं आणि नळ्या पेरणी निभावतील की नाही हे सांगायचा. ह्या बघण्याचे वेगळे पैसे नव्हते, खरं आहे. पण दुरुस्तीचेही वेगळे पैसे नव्हते. वर्षाकाठी खळ्यावर ज्वारीची रास पडली की त्याचा वाटा निघायचा आणि वर्षभराचं बघणं, सांगणं, ठोकणं, तासणं सगळं त्या वाट्यात यायचं. नवी बैलगाडी किंवा घराचं लाकूडकाम असलं तर त्याचा व्यवहार निराळा ठरायचा. त्या काळी अंदाज फुकट होता असं म्हणणं म्हणूनच चूक आहे. त्याचं मोल वर्षाकाठी, धान्यात आणि ठोक दिलं जात होतं. जाणत्या हाताची पारख हे काम आहे, हेही इथल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. ह्याच जिल्ह्यातल्या तेरच्या कुंभार संत गोरोबाकाकांनी थापटीनं संतांची डोकी वाजवून कच्चं मडकं ओळखल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. मडकी ठोकून पारखणं हा कुंभाराच्या धंद्याचाच भाग होता, म्हणून ती कथा लोकांना पटली.

ह्या व्यवस्थेचे गोडवे गाणारी वर्णनं पुष्कळ आहेत, आणि ती अर्धीच खरी आहेत. ज्या कामाचा दर कामाआधी बोलला जात नाही त्या कामाला शेवट राहत नाही, ही तिची दुसरी बाजू. सुतार-लोहाराकडे निदान एक कसब होतं आणि गाव सोडून दुसरीकडे जायची थोडी मुभा होती. महार आणि मांग वतनदारांकडे गावानं आणि सरकारनं सांगितलेलं कुठलंही काम, कुठल्याही वेळी करण्याची सक्ती होती, आणि बदल्यात मिळणारं बलुतं देणाऱ्याच्या मर्जीवर होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते ह्याच प्रश्नावर. पुढे फेब्रुवारी 1941 मध्ये ह्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळे गावी त्यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आजच्या दुकानदार मेकॅनिकची गाऱ्हाणी आणि त्या माणसांचे हाल एका मापानं मोजता येणार नाहीत, तसा माझा हेतूही नाही. पण त्या लढ्यानं एक गोष्ट कायमची सिद्ध केली: श्रमाचं मोल आधी आणि उघड ठरलं पाहिजे, आणि ‘रीत आहे’ हे ते न देण्याचं कारण होऊ शकत नाही. कारागिराचं हित बघणाऱ्यानं बलुत्याच्या दिवसांकडे आसुसून बघण्यापेक्षा तडवळ्याकडे बघावं.

स्वातंत्र्यानंतर रोख पैसा आला, लोखंडी अवजारं आली, मग इंजिन, मोटारी, ट्रॅक्टर आले. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर खडी फोडणाऱ्यालाही मोजमापानं पैसे मिळू लागले. बांधकामं गुत्त्यानं जाऊ लागली आणि गुत्तेदार हा गावच्या व्यवहारातला मोठा माणूस झाला. खळ्यावरचा वाटा बंद पडला, पण त्या वाट्यात जे काही धरलेलं होतं त्याचा हिशेब कुणी नव्यानं केला नाही. दुरुस्तीला दर लागला, नव्या कामाला दर लागला, बघण्याला मात्र लागला नाही. आजचा वाद ह्या अर्धवट राहिलेल्या हिशेबातून आला आहे. मोबदला गेला आणि त्याच्या आधारानं चालणारी सवय तेवढी मागे राहिली.

आणि सवयही सगळीकडे राहिली नाही. बोअर घ्यायच्या आधी शेतकरी पाणाड्याला बोलावतो. तो तळहातावर नारळ धरून किंवा बेचक्याची फांदी घेऊन शेत फिरतो, एक जागा दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. नंतर मशीनवाला फुटाच्या दरानं खोदतो आणि बोअर कोरडा गेला तरी पाणाड्याचे पैसे कुणी परत मागत नाही. भूजलतज्ज्ञ यंत्र लावून फी घेतो, तीही दिली जाते. नारळाच्या पारखीला शास्त्राचा आधार नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण मुद्दा रिवाजाचा आहे: ह्या दुष्काळी जिल्ह्यात नुसत्या अंदाजाला पैसे द्यायची रीत जुनी आहे आणि गरीब शेतकरीही ती पाळतो. त्यात एक शहाणपणही आहे. जागा दाखवणारा आणि खोदणारा वेगळे असले की दाखवणाऱ्याला जास्त फूट खोदायला लावण्यात लाभ नसतो. फुकट अंदाज देणाऱ्या मेकॅनिकची कमाई मात्र पुढच्या कामातच असते. नुसता बुश बदलून भागेल असं प्रामाणिकपणे सांगितलं तर त्याची अर्धी सकाळ वाया जाते. पूर्ण वाइंडिंग सांगितलं तर ती वसूल होते. त्याला खोटं बोलायचा मोह आपणच घालतो.

अंदाज नीट करणं किती अवघड आणि किती मोलाचं, हे ह्या जिल्ह्यानं 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात पाहिलं. किल्लारी शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं, पण सास्तूर आणि आसपासची गावं आपली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन फुटांहून जाड, वर पांढऱ्या मातीचं जड माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसे, पण तिच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड नव्हते. मध्ये छोटे दगड आणि माती भरलेली. थर सुटले आणि भिंती कोसळल्या. पुष्कळ ठिकाणी खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंतीच तेवढ्या माणसांवर पडल्या. हा दोष लांबून बघून कळत नाही. त्यासाठी भिंतीतला दगड काढून आत बघावं लागतं, वेळ द्यावा लागतो, आणि बघणारा जाणता असावा लागतो. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्यानं जो पुनर्वसन कार्यक्रम झाला त्यात 52 गावं नव्या जागी वसवली गेली आणि इतरत्र उभी राहिलेली घरं मजबूत करण्याचं काम निघालं. अभियंत्यांनी घरोघर जाऊन मापं घेतली, अंदाजपत्रकं केली. घरमालकाला त्याचे पैसे पडले नाहीत, कारण ते सार्वजनिक तिजोरीतून गेले. अभियंता फुकट राबला नव्हता.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप असा की प्रत्येक दुकानात पैसे मोजावे लागले तर गरीब माणसानं भाव कसे पडताळायचे? ह्याला उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. फरशीचा, रंगाचा, खोदाईचा फुटामागचा चालू दर सांगणं ही माहिती आहे. तिचे पैसे कुणी मागू नयेत. खोलणं, मोजणं, दोष शोधणं आणि लिहून देणं हे काम आहे. त्याचे पैसे एकदा दिले की तो कागद गिऱ्हाइकाचा होतो, आणि तोच घेऊन आणखी तीन दुकानांत दर विचारता येतात. पडताळणी त्यानं सोपीच होते. दुसरा आक्षेप, काही जण नुसत्या तपासणीवरच पोट भरतील. भरतील कदाचित, म्हणून रक्कम खोलण्याआधी सांगितलेली असावी, काम त्याच दुकानाला दिलं तर बिलातून वळती व्हावी आणि कागदावर दोष, सुटा भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असावी. तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त जाणवतो: पीक गेलेल्या वर्षी शंभर रुपयेही जड जातात. पण तो शेतकरी आजही ते देतोच आहे. जे मोटार उचलून निघून जातात त्यांच्या तपासणीचा खर्च दुकानदार काम देणाऱ्याच्या बिलात घालतो, म्हणजे चार दुकानं फिरायला सवड आणि वाहन नसलेल्याच्याच माथी तो बसतो. ज्याला खरोखर झेपत नाही त्याचा भार 1993 नंतर उचलला तसा सरकारनं उचलावा. तो मेकॅनिकच्या माथी मारू नये.

म्हणून धाराशिव, तुळजापूर, कळंब, परंड्याच्या दुकानदारांना विनंती आहे की तपासणीची रक्कम दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि कुणाची मोटार खोलण्याआधी ती त्याला वाचून दाखवा. आणि गिऱ्हाइकांनो, ती रक्कम देताना पावती आणि अंदाजाचा कागद, दोन्ही मागून घ्या.