सात दिवसांचा खंड

‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ संप्रेरकांच्या, उरलेल्या सात नुसत्या लोहाच्या. या लोहाच्या गोळ्या चालू असताना रक्तस्राव होतो आणि बाई म्हणते, पाळी आली. खरं तर संप्रेरकं थांबल्यामुळे होणारा तो स्राव असतो, आणि महिन्याच्या महिन्याला तो व्हावा, ही योजना १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी आखलेली आहे.

एरवी पाळीचं चक्र असं चालतं: मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीचा निरोप येतो, बीजकोशात बीज पक्व होतं, इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर वाढतं. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं. गर्भ राहिला नाही, तर दोन्ही संप्रेरकं उतरतात आणि अस्तर गळून पडतं. गोळी रोज घेतली की पियूषिका ग्रंथी निरोप पाठवायचीच थांबते. बीज सुटत नाही, अस्तरही पातळ राहतं. म्हणूनच गोळीवर असताना स्राव कमी होतो आणि पोटदुखीही बऱ्याच जणींची हलकी होते. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत मात्र अधूनमधून डाग पडतात.

मग संप्रेरकं थांबवण्याचा हा खंड आला कुठून?

जॉन रॉक हे बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधले स्त्रीरोगतज्ज्ञ आणि श्रद्धाळू कॅथलिक. मूल होत नसलेल्या बायकांना ते काही महिने रोज, न थांबता संप्रेरकं देत. बीजकोशांना विसावा मिळाला तर पुढे गर्भ राहील, असा त्यांचा कयास होता. पण पाळी थांबली, मळमळ सुरू झाली आणि त्या बायकांना वाटलं, दिवस गेले! वर्षानुवर्षं मुलाची वाट पाहणाऱ्या बाईला ही आशा लागून पुन्हा मोडणं किती जिव्हारी लागलं असेल. रॉक यांच्यासोबत काम करणारे शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांनी तोड सुचवली: वीस दिवस औषध द्यायचं, मग थांबायचं. रक्तस्राव होईल आणि बाईला खोटी आशा लागणार नाही. पुढे गर्भनिरोधक गोळीनं हाच आराखडा उचलला.

१९५६मध्ये पोर्तो रिकोतल्या रिओ पिएद्रास वस्तीत मोठी चाचणी सुरू झाली. गोळीत १० मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक होतं, आजच्या मानानं फार मोठी मात्रा. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी गोळी गर्भ रोखते हे मान्य केलं. पण १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते, तेव्हा ती सर्रास देण्याजोगी नाही, असंही स्पष्ट कळवलं. त्या तक्रारी फारशा मनावर घेतल्या गेल्या नाहीत. आपण प्रयोगात आहोत, हे त्या गरीब बायकांना नीट सांगितलंही नव्हतं. गोळीच्या इतिहासातला हा डाग धुऊन निघणारा नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गोळीच्या सुरुवातीच्या साठ्यात मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन चुकून मिसळलेलं होतं. ते काढून गोळी शुद्ध केली, तर मधेच रक्तस्राव होऊ लागला. तेव्हा ती भेसळ मोजूनमापून परत घालण्यात आली, आणि दोन संप्रेरकांची जोडगोळी कायम झाली.

‘एनोव्हिड’ नावाच्या या गोळीला १९५७मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. बीज सुटणं थांबतं, ही सूचना सोबत होतीच. पुढच्या दोन वर्षांत काही लाख बायका ती घेऊ लागल्या. इतक्या जणींची पाळी एकाएकी बिघडली नव्हती, हे उघड आहे. गर्भनिरोधक म्हणून मंजुरी आली १९६०मध्ये.

हा खंड वैद्यकीय गरजेचा नाही, हे हळूहळू पुढे आलं. १९७७मध्ये एडिंबरात तीन महिने सलग गोळी देऊन पाहिली गेली. २००३मध्ये अमेरिकेत वर्षातून चारदाच रक्तस्राव होईल अशी गोळी बाजारात आली. २०१९मध्ये तर ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेनं सांगितलं की, या सात दिवसांनी आरोग्याला काही फायदा नाही. उलट धोका तिथेच असतो: खंडाच्या अलीकडे-पलीकडे गोळी चुकली, की खंड लांबतो आणि बीजकोश जागे होतात.

आपल्याकडे गणपती किंवा घरचं लग्न जवळ आलं की औषधाच्या दुकानात ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ मागितली जाते. तिच्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. १९५१मध्ये मेक्सिको सिटीत कार्ल जेरासी यांच्या चमूनं, रानटी कंदातून मिळणाऱ्या द्रव्यापासून सुरुवात करून, घडवलेला हाच तो रेणू. पाळीच्या तीन दिवस आधीपासून रोज तीनदा गोळी घ्यायची. थांबवली की दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. मात्र अशी घेतलेली गोळी गर्भ रोखेल असा भरवसा नाही, आणि रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास असलेल्या बाईनं तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. दुकानदारानं पाकीट हातात देताना एवढं तरी सांगायला हवं.